पिंप्राळ्याच्या गच्चीवर गुरूचे चंद्र

गुरूचा चंद्र माझ्या डोळ्यांदेखत दडला! आयो त्याचं नाव, गुरूच्या चार मोठ्या चंद्रांतला सगळ्यांत आतला. 2025 चा जानेवारी, जळगावच्या पिंप्राळ्यातली आमची गच्ची, शेजारच्या घरातून येणारा मालिकेचा आवाज, आणि अगदी माथ्यावर गुरू. आयो गुरूच्या गोलाकडे सरकतोय हे दुर्बिणीत बराच वेळ दिसत होतं. मग तो कडेला टेकला. कडेवर एक इवलासा फुगवटा राहिला. तो फुगवटा बसत गेला, बसत गेला आणि संपला. तीन-चार मिनिटांत सगळं आटोपलं. मी जिन्यातून खाली ओरडले, "अहो या, वर या सगळे, चंद्र गेला!" आणि सगळे धावत वर आले तर दाखवायला काही नाही, फक्त तीन उरलेले ठिपके. पण त्या तीन ठिपक्यांकडेही सगळ्यांनी आळीपाळीने डोळा लावून पाहिलं, कारण चौथा आत्ता इथे होता हे मी शपथेवर सांगत होते.

पुढचं तर याहून भारी. तीनएक तासांनी आयो परत दिसणार होता, पण गुरूच्या दुसऱ्या कडेआडून नाही! 7 डिसेंबरला गुरू सूर्याच्या बरोबर समोर येऊन गेला होता. त्यानंतर गुरूची सावली आपल्याला सरळ त्याच्या मागे न दिसता थोडी एका अंगाला पडते. आयो गुरूच्या आडून सुटतो, पण सुटल्यावरही त्या सावलीतच असतो, म्हणून दिसत नाही. तो दिसू लागतो तो गुरूपासून जरा लांब, मोकळ्या काळ्या आकाशात. मी शाल गुंडाळून तिथे डोळा लावून बसले. काहीच नाही, काहीच नाही, आणि मग जिथे काहीच नव्हतं तिथे एक कण. आधी वाटलं डोळ्याचा भास. कण वाढला, उजळला, आणि मिनिटा-दोन मिनिटांत चौथा चंद्र जागेवर हजर! कोट्यवधी किलोमीटर लांबच्या ग्रहाची सावली मी पिंप्राळ्यातून पाहिली होती. सावली स्वतः दिसत नाही, पण तिची कड कुठे आहे ते आयोने दाखवलं.

आणि हा खेळ काही नुसता बघण्यापुरता नाही. ओले रोमर नावाचा डॅनिश माणूस पॅरिसच्या वेधशाळेत याच आयोच्या ग्रहणांच्या वेळा टिपत होता. पृथ्वी गुरूपासून लांब जात असते तेव्हा ग्रहणं हिशेबापेक्षा उशिरा होतात, जवळ येत असते तेव्हा लवकर होतात, हे त्याच्या लक्षात आलं. 1676 साली त्याने त्याचा अर्थ सांगितला: प्रकाशाला यायला वेळ लागतो. तोवर प्रकाश क्षणात पोचतो असंच पुष्कळ मोठमोठे लोक धरून चालत होते. पृथ्वीची कक्षा आरपार ओलांडायला प्रकाशाला सुमारे 22 मिनिटं लागतात असा त्याचा अंदाज होता. आज आपण सुमारे 16 मिनिटं 40 सेकंद म्हणतो. आकडा थोडा चुकला, पण विचार केवढा! मी पाहिला तो आयो प्रत्यक्षात पस्तीसएक मिनिटं आधीच दडलेला होता. त्याच्या दडण्याची बातमी तेवढा वेळ वाटेत होती.

आता दुर्बिणीबद्दल सांगते, कारण मला सगळे तेच विचारतात. माझी सहा इंची डॉब्सोनियन आहे. नळीच्या तळाशी दीडशे मिलिमीटर व्यासाचा आरसा, त्याचं नाभीय अंतर 1200 मिलिमीटर. तोंडाशी एक छोटा तिरपा आरसा, तो प्रकाश वळवून बाजूच्या नेत्रिकेत, म्हणजे आयपीसमध्ये पाठवतो. आरशाची दुर्बीण न्यूटनने 1668 साली केली, तीच ही रचना. ती ठेवायची लाकडी बैठकीवर. हाताने वर-खाली करायची, हाताने गोल फिरवायची. मोटर नाही, वायर नाही, बॅटरी नाही. एका बऱ्या मोबाईलच्या किमतीत मिळते आणि मोबाईल जुना होतो तशी ही होत नाही.

ही बैठक लोकप्रिय केली जॉन डॉब्सन यांनी, आणि त्यांची हकिगत वाचून मला भरून आलं. रामकृष्ण परंपरेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात ते संन्यासी होते. मठात राहून टाकाऊ काचा घासून आरसे करायचे, दुर्बीण ओढत रस्त्यावर न्यायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवायचं. या नादापायी 1967 मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. त्यांनी दुर्बीण नाही सोडली. पुढच्याच वर्षी फुटपाथवर आकाश दाखवणाऱ्यांची मंडळी त्यांच्याभोवती उभी राहिली. स्वस्त, मोठी, कुणालाही जोडता येईल अशी दुर्बीण आज जगभर मिळते ती या माणसामुळे.

जोडायला खरंच सोपी आहे. बैठकीच्या फळ्या स्क्रूने आवळायच्या, वर नळी ठेवायची. मग दिवसाउजेडीच एक काम उरकायचं: नळीवरचा शोधक, म्हणजे फाइंडर, मोठ्या नळीशी जुळवायचा. आम्ही लांबच्या मोबाईल टॉवरच्या टोकावर मोठी नळी रोखली, आणि शोधकाचा लाल ठिपका स्क्रू फिरवून त्याच टोकावर आणला. हे नीट झालं की रात्री निम्मी मेहनत वाचते. दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी बाहेर नेऊन ठेवायची, आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होऊ द्यायचा. सुरुवात नेहमी 25 मिलिमीटरच्या नेत्रिकेने करायची, ती 48 पट मोठं दाखवते. वस्तू मधोमध आली की 10 मिलिमीटरची लावायची, 120 पट. आणि मग कळतं की पृथ्वी फिरते! पुस्तकात नाही, डोळ्यासमोर. 120 पटीवर गुरू दीड-पावणेदोन मिनिटांत चौकटीच्या एका कडेहून दुसऱ्या कडेला जातो. सतत हलका हात लावून नळी सरकवत राहायची. लेकीला हे इतकं आवडलं की ती गुरू बघायचा सोडून गुरू पळतो कसा तेच बघत बसली.

खानदेशची एक खास गोष्ट सांगायलाच हवी. जळगाव 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्या हिवाळ्यात गुरू रोहिणीच्या शेजारी, वृषभ राशीत होता, आणि आकाशात त्याची जागा विषुववृत्ताच्या साधारण पावणेबावीस अंश उत्तरेला होती. म्हणजे जानेवारीच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमाराला गुरू आमच्या बरोब्बर डोक्यावर! एका अंशाच्या आत. डोक्यावरची वस्तू हवेच्या सगळ्यांत पातळ थरातून दिसते, म्हणून गुरूचे पट्टे इतके स्वच्छ दिसले की मी दोन म्हणत होते तिथे लेकीने तिसरा मोजला. युरोपातली माणसं भली थोरली यंत्रं घेऊन गुरूकडे तिरपं बघतात, आणि इथे आपल्या गच्चीवर तो माथ्यावर येऊन उभा राहतो!

शनी त्याआधी पाहिला होता, डिसेंबरच्या संध्याकाळी, पश्चिमेकडे. सगळी चित्रं शनीचं कडं पसरट दाखवतात. मला दिसला तो मोत्यात ओवलेली सुई. कडं जवळजवळ आडवं, आपल्या बाजूने धारेवर आलेलं. 2025 च्या मार्चमध्ये ते अगदी धारेवर येणार होतं, शनी बिनकड्याचा दिसणार होता. सुमारे पंधरा वर्षांनी एकदा हे घडतं. कड्याचा पसारा पावणेतीन लाख किलोमीटरच्या आसपास आणि जाडी इतकी कमी की धारेवर आलं की नाहीसंच होतं. गॅलिलिओने 1610 मध्ये शनी पाहिला तेव्हा त्याला दोन्ही अंगांना दोन गोळे वाटले. 1612 मध्ये ते गायब झाले आणि तो चक्रावला. कडं धारेवर आलं होतं! हायगेन्सने 1650 च्या दशकात उलगडा करेपर्यंत कुणालाच ते नीट कळलं नव्हतं. मी त्या सुईकडे पाहताना गॅलिलिओ नेमका कशाने चक्रावला ते मला कळलं. आता ते कडं वर्षागणिक उघडत जाणार, 2032 च्या सुमाराला पूर्ण उघडणार. मी दर वर्षी चित्र काढून ठेवणार आहे.

पण घरात सगळ्यांत जास्त आकाश ठाऊक होतं ते सासऱ्यांना. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. सावखेडा शिवारात आमचं थोडं शेत आहे. शेतीची लाईट रात्रीची असते तेव्हा पाणी भरायला रात्री जावं लागतं, आणि आप्पांनी ते जन्मभर केलं. मी मृग नक्षत्राकडे दुर्बीण वळवली तर ते म्हणाले, "तिकांडं ना? मार्गशीर्षात ते डोक्यावर आलं की बारा-साडेबारा झाले समजायचं. मग बारं बदलायचं." मृगाच्या पोटातले ते ओळीतले तीन तारे, बाण म्हणतात तो. मी नंतर संगणकावर तपासलं. मार्गशीर्षात, डिसेंबरच्या मध्यावर, जळगावला ते तीन तारे सर्वांत उंच येतात साडेबाराच्या आसपास. आप्पांचं घड्याळ बरोबर होतं!

मग मी त्यांना विचारलं, "आप्पा, मृग लागतो 7 जूनला, आणि दिसतो डिसेंबरात. असं कसं?" त्यांना ते कधीच कोडं वाटलं नव्हतं. "अगं बेटा, जूनमध्ये त्याच्यात सूर्य बसलेला असतो. दिवसा असतो तो वर. दिसेल कसा?" इतकं सरळ. ज्या नक्षत्राच्या नावाने अवघा खानदेश कपाशी लावतो, ते नक्षत्र त्या दिवसांत सूर्याच्या उजेडात बुडालेलं असतं. सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो, आणि सहा महिन्यांनी तेच नक्षत्र रात्रभर आकाशात. आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी रोज असलेली ही नावं म्हणजे सूर्याचा पत्ता आहे. मी शाळेत शिकले, कॉलेजात शिकले, पण हे मला आप्पांनी सांगेपर्यंत दिसलं नव्हतं, आणि आता जूनमध्ये ढगांकडे बघताना मागचा मृग मला दिसत राहणार.

त्याच मृगात, बाणाच्या खाली, तेजोमेघ आहे. नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपका. दुर्बिणीत तो पंख पसरून उभा राहतो, करड्या-हिरवट उजेडाचा, आणि मधोमध चार तारे अगदी जवळ जवळ. तिथे आजही तारे जन्मतात, सुमारे 1350 प्रकाशवर्षांवर. फोटोतले गुलाबी रंग डोळ्यांना दिसत नाहीत, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. फोटो कुणी तरी काढलेला असतो. हा उजेड थेट माझ्या डोळ्यात आला होता.

पौषातल्या अष्टमीला शेतात भरीत पार्टी होती. हिवाळ्यात जळगावकडे भरीत पार्टी म्हणजे काय ते आपल्या लोकांना सांगायला नको: हिरवी-पांढरी लांब वांगी, काड्यांचा जाळ, मिरच्या, कांद्याची पात, कळण्याच्या पुऱ्या. मी दुर्बीण गाडीत टाकून नेली. वांगी भाजून होईस्तोवर मंडळी रिकामीच असतात, आणि वर अर्धा चंद्र. लोकांना वाटतं चंद्र बघायचा तर पौर्णिमेला. नाही! पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात, सगळं सपाट दिसतं. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर ऊन तिरपं पडतं आणि प्रत्येक विवराची, प्रत्येक डोंगराची सावली लांबच लांब पसरते. आपेनाइन नावाची डोंगररांग त्या रात्री झगझगत होती. तिची शिखरं पाचएक किलोमीटर उंच आहेत. 1971 मध्ये अपोलो 15 चे अंतराळवीर तिच्या पायथ्याशी उतरले होते.

मी मंडळींना सीमेपलीकडच्या अंधारात एक एकटा उजेडाचा ठिपका दाखवला. बाजूला सगळं काळं आणि मध्ये तेवढाच चमकता बिंदू. ते शिखराचं टोक. पायथ्याशी अजून रात्र आहे आणि टोकावर ऊन पडलंय. सातपुड्यात पहाटे दिसतं तेच, पण चंद्रावर! जेवणं झाल्यावर परत पाहिलं तर ठिपका वाढलेला, शेजारी दुसरा उगवलेला. चंद्रावरची सकाळ आम्ही बांधावर उभं राहून पाहत होतो. आप्पांचे एक मित्र, आयुष्यभर केळी पिकवलेले, बराच वेळ डोळा लावून उभे होते. रांगेतले लोक घाई करायला लागले तरी हलेनात. मग वळून म्हणाले, "हाई खरंच शे का भो?" आणि परत डोळा लावला. त्या रात्री भरीत थंड झालं आणि कुणी तक्रार केली नाही.

दुर्बीण आल्यापासून मला आणखी एक खोड लागली आहे. दिसणारा प्रकाश निघाला कधी, ते काढायचं. कृत्तिकांचा पुंजका घ्या. डोळ्यांनी सहा-सात तारे, दुर्बिणीत निळे-पांढरे कितीतरी. अंतर सुमारे 440 प्रकाशवर्षं. म्हणजे हा प्रकाश निघाला तेव्हा खानदेशावर बुऱ्हाणपूरच्या फारुकी सुलतानांचं राज्य होतं, असीरगड 1601 मध्ये अकबराकडे गेला त्याच्याही आधी. मृगाच्या पायाशी असलेला राजन्य घ्या. अंतर साधारण 860 प्रकाशवर्षं. हा हिशेब केला आणि मी उठून उभी राहिले. बाराव्या शतकाचा मध्य! म्हणजे भास्कराचार्य!

भास्कराचार्य म्हटले की आपला चाळीसगाव तालुका आला. 1114 चा जन्म, छत्तिसाव्या वर्षी, 1150 मध्ये, 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात ते सांगतात की वर्तुळाचा परिघ मोठा असला की त्याचा शंभरावा भाग सपाटच दिसतो, आणि माणूस पृथ्वीच्या मानाने इतका लहान आहे की त्याला ती सपाट वाटते. तेव्हा दुर्बीण नव्हती. ती आली 1608 मध्ये, नेदरलँड्समध्ये, चार-साडेचार शतकांनी! नळ्या, काठ्या, पाण्याची घटिका आणि गणित, एवढ्यावर या माणसाने ग्रहांच्या गती आणि ग्रहणांचे हिशेब मांडले.

आणि त्यांच्या ग्रंथांसाठी मठ निघाला तो कुठे? पाटण्याला, आज आपण पाटणादेवीला जातो तिथे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ राजा सोइदेव याने त्याला दान दिलं. हे सगळं सांगणारा शिलालेख तिथे मिळाला, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. संस्कृत आहे आणि शेवटी जुनी मराठी आहे. दानाचा दिवस शके 1128, श्रावणातली पौर्णिमा, चंद्रग्रहण. 9 ऑगस्ट 1207! ग्रहणाचं गणित शिकवणाऱ्या मठाला दान ग्रहणाच्याच दिवशी. मी पाटणादेवीला लहानपणापासून जाते, धबधबा माहीत, देऊळ माहीत, गौताळ्याचं जंगल माहीत. आठशे वर्षांपूर्वी इथे मुलं बसून ग्रहांची गणितं सोडवत होती हे कुणी तरी तेव्हाच सांगायला हवं होतं. सहलीला नेणाऱ्या प्रत्येक शाळेने हे सांगावं असं मला अगदी मनापासून वाटतं.

फेब्रुवारीत शुक्राने वेड लावलं. संध्याकाळी पश्चिमेला इतका तेजस्वी की गल्लीतली पोरं त्याला विमान म्हणायची. दुर्बीण लावली तर कोर! लखलखती, धारदार चंद्रकोर, आणि चंद्र तर त्या दिवशी भलत्याच बाजूला. पोरं आळीपाळीने बघायची आणि मान वर करून चंद्र कुठे आहे ते तपासायची. शुक्र आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येत चालला की त्याची उजेडाची बाजू आपल्यापासून वळते, म्हणून तो कलेकलेने बारीक होतो आणि जवळ येतो म्हणून मोठाही होत जातो. गॅलिलिओने 1610 च्या अखेरीस हेच पाहिलं आणि शुक्र सूर्याभोवती फिरतो याचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा मिळाला. आमच्या गल्लीतल्या पाचवी-सहावीच्या मुलांनी तो पुरावा मार्चपर्यंत आठवड्यामागून आठवडा पाहिला. पिंप्राळ्याची ओळख आषाढी एकादशीच्या रथाची. त्या रथाच्या गावात शुक्राच्या कोरीसाठी रांग लागली, मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

मंगळही जानेवारीत जवळ आला होता, पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ, केशरी, एका टोकाला पांढरा ठिपका. तो ध्रुवाकडचा बर्फ. देवयानी दीर्घिका पाहिली, पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरचा पुसट डाग. सप्तर्षी वर आले तेव्हा वसिष्ठ पाहिला. लग्नात अरुंधती दाखवतात तो वसिष्ठ. अरुंधती शेजारी दिसतेच, पण दुर्बिणीत वसिष्ठ स्वतः दोन तारे निघतो, स्वच्छ वेगळे!

उन्हाळा म्हणजे खानदेशात पारा पंचेचाळीसला, आणि अख्खं गाव गच्चीवर झोपायला. तापलेल्या गच्चीची हवा थरथरते, ग्रहांचे बारकावे तिथे नीट दिसत नाहीत, पण दक्षिणेकडे तोंड करा. मेच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमाराला, दक्षिण क्षितिजापासून वीसेक अंशांवर, नरतुरंगात ओमेगा सेंटॉरी आहे. सतरा हजार प्रकाशवर्षांवरचा तारकागुच्छ, साधारण एक कोटी ताऱ्यांचा. डोळ्यांना अंधुक तारा, दुर्बिणीत कडेकडेने एकेक तारा सुटा होणारा प्रचंड गोल. लंडन-पॅरिसच्या लोकांना तो क्षितिजावर येतच नाही, हॅलीला तो टिपायला 1677 मध्ये सेंट हेलेना बेटावर जावं लागलं. आपल्याला गच्चीवर गादी टाकून मिळतो! त्याच्याही खाली, क्षितिजाला घासत, त्रिशंकूचे तारे येतात. त्यासाठी दक्षिण मोकळी हवी आणि दिवे कमी हवेत. पिंप्राळ्यात रस्त्यांचे पांढरे दिवे आता फार झालेत, म्हणून आम्ही शेतात जातो. धुळ्याच्या लोकांना लळिंगच्या बाजूला, रावेर-यावलच्या लोकांना सातपुड्याच्या पायथ्याला याहून काळं आकाश सहज मिळेल. दिव्यांवर नुसती झाकणं नीट बसवली, उजेड खाली पाडला, तरी गावातलं आकाश पुष्कळ परत येईल. हे मी नगरसेवकांना भेटून सांगणार आहे.

दुर्बीण लगेच घ्यायलाच हवी असं नाही. 10×50 ची द्विनेत्री घ्या. कोपर भिंतीवर टेकवून धरली की गुरूचे चंद्र, कृत्तिका, मृगाचा तेजोमेघ, चंद्रावरची विवरं, सगळं तिच्यात येतं. स्टेलॅरियम मोबाईलवर फुकट मिळतं, आणि गो. रा. परांजपे यांचा 'आकाशदर्शन अ‍ॅटलास' वाचनालयात सापडला तर सोडू नका. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी लोकांना आकाश दाखवते, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करतं. एकदा तरी त्यांच्यात जाऊन बसा. एकच गोष्ट जिवापाड पाळा: दुर्बीण सूर्याकडे कधीही, एका क्षणासाठीही, नळीच्या तोंडावर खास सौर गाळणी पक्की बसवल्याशिवाय वळवू नका. डोळा कायमचा जातो आणि जाताना दुखतही नाही. पोरं आसपास असतील तर दिवसा दुर्बिणीला झाकण घालून ठेवा.

आणि एक विनंती, तुम्ही शिक्षक असा, पालक असा की शाळेचे माजी विद्यार्थी. आपल्याकडच्या कितीतरी शाळांत कधी तरी मिळालेली दुर्बीण प्रयोगशाळेच्या कपाटात खोक्यासकट पडून असते. मुख्याध्यापकांना भेटा, किल्ली मागा, धूळ पुसा, आरसा हात न लावता नुसता फुंकरणीने साफ करा आणि येत्या अष्टमीला ती मैदानात लावा. 2 ऑगस्ट 2027, सोमवार, दुपारनंतर आपल्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. त्या दिवशी ढग असतील-नसतील, पण तोवर प्रत्येक गावात ग्रहणाचे चष्मे आणि एक तरी चालू दुर्बीण तयार असायला हवी. कामाला लागा.